काचेबाहेरचे कपडे

(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीचा फोन आला तेव्हा आम्ही दोघंही जरा गडबडलो. "पंधरा मिनिटं बोला, विषय तुम्हीच ठरवा," असं सांगण्यात आलं. आता आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले. दोघंही इंजिनिअर. आम्हाला बोलायला सांगितलं की आम्ही आधी पॉवरपॉइंट उघडतो, आणि पॉवरपॉइंट उघडलं की लोक डोळे मिटतात! म्हणून ठरवलं, स्लाइड्स नाहीत, आलेख नाहीत. गेल्या ऑक्टोबरात आम्ही एक प्रदर्शन पाहिलं, त्याची गोष्ट सांगायची. (पुस्तिकेसाठी "थोडं सविस्तर लिहा" अशी संपादकांची सूचना होती. त्यामुळे बटाटेवड्यांचा वास यायला लागल्यावर त्या दिवशी जे गाळलं, तेही इथे घातलंय.)

प्रदर्शन होतं एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कपड्यांचं. तुम्ही म्हणाल, कपडे बघायला मॉलमध्ये जावं, म्युझियममध्ये कशाला? खरं सांगायचं तर आम्हीही मुद्दाम गेलो नव्हतो. बाबा भारतातून आले होते. बाबा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. त्यांना फॉल कलर्स दाखवायचे म्हणून मॅसॅच्युसेट्समध्येच एक लांबची ड्राइव्ह काढली. वाटेत पावसाने गाठलं. रंगीत पानं सगळी गळून रस्त्यावर चिकटलेली. नऊ वर्षांच्या लेकीची मागच्या सीटवर "बोअर होतंय"ची जपमाळ सुरू झाली. तेवढ्यात एका छोट्या गावात संग्रहालयाची पाटी दिसली, पार्किंग फुकट होतं, शिरलो!

आत अर्धा अंधार. जुन्या कापडाला उजेड सोसत नाही, रंग उडतो आणि धागा पिचतो, म्हणून दिवे मंद ठेवलेले. काचेच्या पेट्यांमध्ये बिनचेहऱ्याचे पुतळे आणि त्यांच्या अंगावर एकेक झगा. पहिल्या पेटीत १८३०च्या दशकातला एक झगा होता, त्याच्या बाह्या एवढ्या फुगलेल्या की आमची लेक म्हणाली, "आई, हिच्या हातात फुगे घातलेत!" आम्हाला आमच्या मावश्यांच्या लग्नातले पफ बाह्यांचे ब्लाउज आठवले. मावश्यांना वाटत होतं की ती लेटेस्ट फॅशन आहे!

पुढच्या पेटीत नुसता पिंजराच होता. पोलादी कड्यांचा, घंटेच्या आकाराचा. १८५६च्या सुमारास हा पिंजरा आला. त्याआधी झगा फुगवायला बायका आत सहा-सहा परकर घालायच्या. त्या वजनातून सुटका झाली म्हणून पिंजऱ्याचं स्वागतच झालं. पण एवढा घेर सांभाळत चुलीजवळ, मेणबत्तीजवळ वावरायचं म्हणजे जिवाशी खेळ. इथे केंब्रिजमध्ये कवी लाँगफेलो यांच्या पत्नी फॅनी, १८६१ साली घरातच कपड्यांनी पेट घेऊन गेल्या. ते घर आजही बघता येतं, आपल्यापैकी बरेच जण पाहुण्यांना घेऊन जातात. आपल्याकडे स्टोव्हने पदर पेटल्याच्या बातम्या ऐकत आम्ही वाढलो. कापड तलम असो की जाडंभरडं, आगीला फरक कळत नाही.

मग कॉर्सेट आलं. बाबांनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, "हे दुखणं झाल्यावर घालायचं का?" पाठीचा पट्टा वाटला त्यांना! १८५१ साली अमेलिया ब्लूमर यांनी आखूड झग्याखाली ढगळ तुर्की विजार घालायचा पुरस्कार केला, तर वर्तमानपत्रांनी त्यांची एवढी टर उडवली की काही वर्षांत त्यांनीच तो नाद सोडला. आमच्या घरातला महिला विभाग यावर म्हणाला, "आमच्या आज्या नऊवारीचा कासोटा घालून शेतात राबत होत्या, विहिरी चढत-उतरत होत्या. त्यांना कोणी प्रागतिक म्हटलं नाही!"

आपली माणसं परदेशात काहीही बघायला गेली की आपल्याकडचं काय काय सापडतं ते शोधतात. आम्हीही शोधलं, आणि सापडलं! एका पुतळ्याच्या खांद्यावर शाल होती, तिच्यावर चक्क आपली कोयरी. काश्मिरी शालींची नक्कल स्कॉटलंडच्या पेझ्ली गावात मागांवर होऊ लागली, आणि आपल्या कोयरीला जगाने नाव दिलं पेझ्ली! दुसऱ्या पेटीत कामगाराची मजबूत विजार होती, लीव्हाय स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी १८७३ साली पेटंट घेतलेल्या तांब्याच्या रिव्हेटची. असल्या विजारीला इंग्रजीत ज्या शब्दाने ओळखतात तो 'डंगरी' शब्द आला आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून, तिथे विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरून. हे कळल्यावर बाबांची कॉलर अशी काही ताठ झाली की विचारू नका. "डोंगरीला आम्ही चालत जायचो," असं त्यांनी तिथल्या सुरक्षारक्षकाला मराठीतच सांगितलं.

शेवटच्या पेट्या १८८०च्या दशकातल्या. कमरेमागे उशी बांधून फुगवलेले घागरे. ते बघताना आम्हाला एक फोटो आठवला, तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेला. ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फिया. महिला वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थिनी, जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लामबुली आणि आपल्या आनंदीबाई जोशी. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. चहूकडे कॉर्सेट आणि फुगवलेले घागरे असताना ही विशीची मुलगी साडी नेसून वर्गात बसत होती. १८८६च्या मार्चमध्ये ती डॉक्टर झाली. आपण काय नेसायचं हे तिनं स्वतः ठरवलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. आम्ही निघण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात लेकीने तिथल्या स्वयंसेविका आजींना एक प्रश्न विचारला.

"गरीब लोकांचे कपडे कुठे आहेत?"

आजी सत्तरीच्या असतील. त्या हसल्या नाहीत. गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि म्हणाल्या, "बाळ, ते वापरले गेले." मग त्यांनी समजावून सांगितलं. लग्नाचा झगा एकदा घालून पेटीत जातो, म्हणून दीडशे वर्षं टिकतो. रोज घालून राबायचा कपडा आधी उसवतो, मग त्याला ठिगळ लागतं, मग तो कापून धाकट्या भावंडाला होतो, मग त्याची गोधडी होते, आणि अगदीच चिंधी झाली की चिंध्यावाला घेऊन जातो. त्या काळी कागद चिंध्यांपासून बनायचा, त्यामुळे चिंध्यांनाही भाव होता.

बाबांसाठी आम्ही हे भाषांतर करून सांगत होतो. ते म्हणाले, "मग आपल्याकडे काय वेगळं आहे?" लुगडं मधे विरलं की फाटका भाग काढून दोन टोकं जोडायची, म्हणजे दंड घालायचा. दंड घातलेलं लुगडं पुन्हा विरलं की त्याची गोधडी. बाबांच्या आईचं एकही लुगडं आज घरात नाही. पैठणी नव्हतीच, त्यामुळे ती जपून ठेवायचा प्रश्नच आला नाही.

गाडीत बसल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कपडे पाहिले. कापड कुठे तयार झालं ते दाखवा."

आता इथे बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा मुंबईत कापडगिरणीत होते, साचेखात्यात. आधी बदली, मग कायम. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात तेही होते. गिरणीत परत जायची वेळ त्यांच्यावर आलीच नाही. त्यामुळे कापड म्हटलं की त्यांना ते कुठे विणलं हेच आधी विचारावंसं वाटतं.

पुढच्याच शनिवारी आम्ही लोवेलला गेलो. आपल्यापैकी निम्मे लोक लोवेलवरून रोज कामाला जातात. आम्हीही वर्षानुवर्षं हायवेवरून त्या गिरण्यांच्या लाल विटा पाहत होतो. आत कधी गेलो नव्हतो! मेरिमॅक नदीच्या पाण्यावर १८२३ साली इथे पहिली मोठी गिरणी सुरू झाली. १८४०पर्यंत आठ हजारांच्या आसपास कामगार, त्यात बहुसंख्य शेतकऱ्यांच्या तरुण मुली. आठवड्याला सरासरी सत्तरहून जास्त तास काम. भोंग्याऐवजी घंटा, पण उठायचं, जेवायचं, झोपायचं ते घंटेवरच. १८३४ साली मजुरी कापली म्हणून या मुलींनी संप केला, १८३६ साली खाणावळीचा खर्च वाढवला म्हणून पुन्हा. पुढे सेरा बॅग्ली यांच्या पुढाकाराने त्यांनी दहा तासांच्या दिवसाची मागणी लावून धरली. १८४५ साली विधिमंडळाच्या समितीपुढे जाऊन साक्षी दिल्या. बायकांना अजून मताचा अधिकार नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. स्त्रिया आणि मुलांसाठी दहा तासांचा कायदा मॅसॅच्युसेट्सने केला तो १८७४ साली.

बूट मिल्सच्या संग्रहालयात विणकामाचा हॉल आहे. विसाव्या शतकातले जुने माग तिथे आजही चालवून दाखवतात. दारातच कानात घालायला बोळे देतात. आम्ही सगळ्यांनी घातले. बाबांनी नाही घातले. आत शिरलो आणि फरशी थरथरायला लागली. खटाखटा, खटाखटा... शेजारचा काय बोलतो ते ऐकू येईना. बाबा मात्र सरळ चालत गेले, एका मागाजवळ थांबले, आणि पलीकडे उभ्या असलेल्या माग चालवणाऱ्या माणसाला हाताने एक खूण केली. दोन बोटं जवळ आणून एकदम लांब. त्या माणसाने बघितलं, माग बंद केला. ताण्याचा एक धागा तुटला होता. त्याने तो जोडला, बाबांकडे बघून मान हलवली, आणि बाबांनीही मान हलवली. ना त्याला मराठी येत होतं, ना बाबांना इंग्रजी. गिरणीत कोणालाच काही ऐकू येत नाही, त्यामुळे सगळे खुणांनीच बोलतात, असं बाबांनी बाहेर आल्यावर सांगितलं. चाळीस वर्षांहून जास्त काळ झाला, पण त्यांचा डोळा अजून धाग्यावर होता.

वरच्या मजल्यावर इतिहासाचं दालन आहे. तिथे दुसरी बाजू कळली. लोवेलच्या मुली जो कापूस कातत-विणत होत्या, तो दक्षिणेतून यायचा, गुलामांनी वेचलेला. आणि लोवेलमध्ये तयार होणाऱ्या कापडापैकी एक जाडंभरडं, मांजरपाटासारखं कापड पुन्हा दक्षिणेत जायचं, त्याच गुलामांच्या अंगावर घालायला. त्या कापडाला तिकडे नावच पडलं 'लोवेल'. १९३०च्या दशकात, जे लोक लहानपणी गुलामीत होते त्यांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, तेव्हा म्हातारी माणसं सांगत होती की आम्ही लोवेलचे कपडे घालायचो. फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५च्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की मळ्यावरच्या लहान मुलांना वर्षाला दोन जाडेभरडे सदरे मिळायचे. ते फाटले की पुढच्या वाटपापर्यंत मूल उघडं.

मंडळी, आधीच्या शनिवारी ज्या झग्यांना आम्ही "काय सुंदर!" म्हणत होतो, त्यांच्या पाटीवर घालणाऱ्या बाईचं नाव होतं, लग्नाची तारीख होती, कापडाचा प्रकार होता. शिवणारीचं नाव क्वचितच. विणणारीचं आणि कापूस वेचणारीचं तर कुठेच नाही. अपवाद म्हणावा अशी एक बाई आहे. एलिझाबेथ केकली. जन्माने गुलाम. शिवणकामाच्या जोरावर तिने माणसं जोडली, १८५५ साली बाराशे डॉलर भरून स्वतःला आणि मुलाला सोडवलं, आणि पुढे वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष लिंकन यांच्या पत्नी मेरी यांचे कपडे ती शिवू लागली. तिच्या हातचा समजला जाणारा मेरी लिंकन यांचा जांभळ्या मखमलीचा पोशाख स्मिथसोनियनकडे आहे. तिचं नाव राहिलं, कारण १८६८ साली तिने स्वतःच पुस्तक लिहिलं. बाकीच्या कोणी पुस्तकं लिहिली नाहीत.

आता इथून आपल्या घराकडे वळू. हा काही ओढूनताणून आणलेला संबंध नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, दक्षिणेतला कापूस बंदरातच अडकला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी हात पसरले ते आपल्या कापसाकडे. मुंबईत पैशाचा पाऊस पडला. शेअर्सचा सट्टा एवढा माजला की समुद्र हटवून जमीन करायच्या कंपन्यांवर लोकांनी घरदार लावलं. १८६५ साली युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि मुंबई बुडाली. ज्यांच्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला त्या प्रेमचंद रायचंद यांचंही दिवाळं वाजलं. व्यापाऱ्यांचं निदान नाव राहिलं. तेजीच्या भरवशावर कर्ज काढलेल्या शेतकऱ्याकडे मात्र कर्ज तेवढं उरलं. १८७५ साली पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखती जाळली, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. अमेरिकेतल्या लढाईने आपल्याकडच्या शेतकऱ्याचं घर बसलं, हे आम्हाला शाळेत तीन वेगवेगळ्या धड्यांत शिकवलं होतं. ते एकाच दोऱ्यात ओवलेलं आहे हे लोवेलला कळलं!

आणि मुंबईच्या गिरण्या? पहिली कंपनी १८५४ साली कावसजी दावर यांनी काढली. तिथेही घंटेऐवजी भोंगा एवढाच फरक. रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडलं, तेही नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून मिळवली म्हणून. आपण शुक्रवारी संध्याकाळी "हॅपी वीकएंड" म्हणतो ना, तेव्हा कधीतरी लोखंड्यांची आणि सेरा बॅग्लीची आठवण काढायला हरकत नाही.

आता थोडं घरगुती. संपानंतर बाबा कधी वॉचमन, कधी कुरिअर. घर चाललं ते आईच्या मशीनवर. लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, खिडकीत शिलाई मशीन. आधी काजं-बटणं, नगावर पैसे. मग साड्यांना फॉल-बीडिंग. आमच्यापैकी एकाचं इंजिनिअरिंग त्या फॉलच्या टाक्यांवर झालं. शिवाय एक शिष्यवृत्ती होती, देणारे कोण ते आजही माहीत नाही. चेक कॉलेजात परस्पर जायचा, त्यामुळे कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

पण त्याआधी आठवीतली एक आठवण आहे. एका संस्थेने गरजू मुलांना गणवेश वाटले. स्टेजवर बोलावून, नाव पुकारून, हार घातलेल्या पाहुण्यांच्या हस्ते. शर्ट दोन मापं मोठा. फोटोसाठी तो तिथेच अंगावर चढवायचा. समोर अख्खी शाळा. घरी आल्यावर आईने तो रात्रीत उसवून मापाचा करून दिला, पण शाळेत तो कोणाचा शर्ट आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्याची तुलना गुलामांच्या सदऱ्यांशी करणं तर अजिबात बरोबर नाही. तिथे माणूसच दुसऱ्याच्या मालकीचा होता. तरीपण डग्लसच्या त्या दोन सदऱ्यांबद्दल वाचताना आमच्यापैकी एकाला स्टेजवरचा तो शर्ट आठवला, हे खरं आहे.

आणि आता कबुली. हे सगळं भोगलेल्या आम्हीच गेल्या वर्षी काय केलं? यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या वसतिगृहासाठी आज आपण जमलो आहोत, तिथे कापूस पिकवणाऱ्या घरांतल्या मुली राहतात. कुणाच्या वडिलांनी कर्जापायी जीव दिलाय, कुणाची आई मजुरीला जाते. आम्ही तळघर आवरलं आणि तीन खोकी जुने कपडे पाठवून दिले. मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं! महिन्याभराने वसतिगृहाच्या ताईंचा फोन आला. आधी आभार मानले. मग जरा थांबून म्हणाल्या, "दादा, वहिनी, राग मानू नका. पण कपडे पाठवू नका."

आम्ही गप्प.

त्या म्हणाल्या, "खोक्यात थंडीची जाड जाकिटं होती. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर जातो. पार्टीचे झगे होते. मुली नाही म्हणत नाहीत हो, घेतात. पण शाळेत घालून जात नाहीत. ट्रंकेत तळाशी ठेवतात. त्यांचे आईबाप कापूस पिकवतात. त्यांना एकदा तरी बाजारात जाऊन आपल्या पसंतीचं नवं कापड घेऊ द्या. शिवायला आम्ही शिकवू."

फोन ठेवल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. आनंदीबाईंनी काय नेसायचं ते स्वतः ठरवलं, याचं आम्हाला कोण कौतुक! आणि यवतमाळच्या मुलीने काय घालायचं ते आम्ही मॅसॅच्युसेट्सच्या तळघरात बसून ठरवत होतो.

म्हणून यंदा मंडळाने पद्धत बदलली आहे. ही सूचना आमची नाही, ताईंची आहे. यंदा खोकी नाहीत. तीन गोष्टींसाठी पैसे गोळा करतोय. पहिली, शाळा-कॉलेजची फी, ती परस्पर शाळेत जाईल. दुसरी, वसतिगृहात शिवणयंत्रं. शिकतील, स्वतःचं शिवतील, बाहेरचं कामही घेतील. आणि तिसरी, दर मुलीमागे वर्षातून दोनदा कापडखरेदीची रक्कम, जी तिच्या हातात पडेल. रंग तिचा, पोत तिचा, शिवायचं कसं तेही तिचंच. स्टेज नाही, हार नाही, फोटो नाही. आपल्या सुंदर वार्षिक अंकात लाभार्थींचे फोटो येणार नाहीत, याबद्दल संपादकांनी आम्हाला माफ करावं.

दोन गोष्टी सांगून थांबतो.

आई चार वर्षांपूर्वी गेली. तिची एकही चांगली साडी आम्ही ठेवली नाही, कारण चांगल्या म्हणाव्यात अशा दोनच होत्या आणि त्या तिने स्वतःच देऊन टाकल्या होत्या. उरली ती तिने शिवलेली गोधडी. तिच्या साड्यांची, बाबांच्या गिरणीतल्या सदऱ्यांची आणि त्या आठवीतल्या शर्टाचीही. म्युझियमहून आल्यावर आम्ही ती जपून ठेवायचं ठरवलं. उजेड नको, घडी नको, ॲसिड नसलेला कागद आणायचा, वगैरे. इंजिनिअर ना, लगेच यादी केली! बाबा म्हणाले, "तिने ती पांघरायला शिवली होती." गोधडी आता लेकीच्या पलंगावर आहे. एका कोपऱ्यात उसवली आहे. बाबांनी जाण्यापूर्वी लेकीला धावदोरा शिकवला. टाके वाकडे आहेत, पण धरून ठेवतात.

दुसरी गोष्ट तुमच्या खिशातली आहे. स्वयंसेविका आजींनी चिंध्यांच्या कागदाचं सांगितलं होतं, ते घरी येऊन आम्ही वाचलं. आपल्याच मॅसॅच्युसेट्समध्ये डाल्टन नावाचं गाव आहे. १८७९ सालापासून अमेरिकेच्या नोटांचा कागद तिथल्या क्रेन घराण्याने उभारलेल्या कागदगिरण्यांमधून जातो. आणि डॉलरची नोट लाकडाच्या लगद्याची नसते. तिच्यात ७५ टक्के कापूस आणि २५ टक्के लिनन असतं. म्हणून ती चुकून वॉशिंग मशीनमधून निघाली तरी टिकते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय!

तेव्हा मंडळी, आज पाकीट उघडाल तेव्हा हातात येईल तो मुळात कापूसच आहे. तो कापूस पिकवणाऱ्यांच्या मुलींकडे जाऊ द्या. फॉर्म पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आहे, चेकही चालेल. आणि तळघरातली खोकी कृपया तिथेच राहू द्या.

आता बटाटेवडे गार व्हायच्या आत थांबतो.